रस्ता ओलांडायला तीस सेकंद

प्रति,
माननीय आयुक्त, पुणे महानगरपालिका
आणि
माननीय पोलीस आयुक्त, पुणे शहर



हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहिते आहे. चौक एकच असतो, पण त्याचा कारभार दोन ठिकाणांहून चालतो. डांबर, फूटपाथ आणि झेब्रा पट्टे महापालिकेकडे. चौकात उभा राहणारा हवालदार, चलन, वाहतूक कुठून वळवायची आणि कुठे बंद करायची याचा अधिकार पोलिसांकडे. शिवाय लायसन्स आरटीओ देतं, बस पीएमपीएमएल चालवते आणि मेट्रोचा जिना फूटपाथवर नेमका कुठे उतरणार हे महामेट्रो ठरवते. या सगळ्यांचे निर्णय शेवटी चौकातल्या त्याच शंभर पावलांवर येऊन पडतात. त्या शंभर पावलांची पूर्ण जबाबदारी कोणा एकाची नसते. म्हणून हे पत्र आपण दोघांनी एकाच टेबलाशी बसून वाचावं, अशी पहिली विनंती.

मी कोथरूडमध्ये राहते. स्कूटर चालवते, पीएमपीने जाते, आता मेट्रोनेही जाते आणि जवळचं काम असेल तर चालत जाते. शहराकडे असं चारही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पुण्याच्या वाहतुकीचं मोजमाप आपण गाडीच्या काचेआडून करतो. कोंडी किती मिनिटांत सुटली, वाहनांचा सरासरी वेग किती वाढला, यावर बैठका होतात, बातम्या येतात. त्याच चौकातून पलीकडे जायला सत्तरीच्या बाईंना किती वेळ लागला, की पलीकडे जायचा विचारच त्यांनी सोडून दिला, हे कोणी मोजत नाही. ते मोजायला लागा, एवढंच माझं मागणं आहे. बाकीच्या सूचना त्यातूनच निघतात.

सिग्नलपासून सुरुवात करते. सिग्नलची वेळ ठरवताना अभियंते माणसाच्या चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. रस्ता 24 मीटर रुंद असेल तर ओलांडायला 20 सेकंद लागतात. हा हिशेब धडधाकट माणसाचा झाला. गुडघे दुखणाऱ्या, हातात पिशवी असलेल्या, नातवाचं बोट धरलेल्या व्यक्तीचा वेग सेकंदाला 0.8 मीटर धरला, तर तोच रस्ता 30 सेकंदांचा होतो. उरलेल्या 10 सेकंदांत ही व्यक्ती अजून रस्त्यावरच असते आणि वाहनांचा सिग्नल हिरवा झालेला असतो. शहराचं वय वाढतं आहे. पेठांमध्ये, डेक्कनला, कोथरूडला कितीतरी इमारतींत मुलं परदेशी आणि आईवडील इथे, अशी घरं आहेत. वेळ ठरवताना आपण कोणाचा वेग धरायचा, हा तांत्रिक प्रश्न वाटला तरी शहर कोणाचं आहे याचं उत्तर त्यातच मिळतं. मला हा वेग 0.8 धरलेला हवा आहे.

दुसरी अडचण डाव्या वळणाची. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो, झेब्रावर माणसं उतरतात आणि त्याच क्षणी ‘फ्री लेफ्ट’वाली वाहनं त्याच झेब्रावरून सलग वळत राहतात. दिव्याने दिलेला हक्क डावं वळण काढून घेतं. मोठ्या चौकांत पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असेल तेवढ्या वेळेपुरतं डावं वळण लाल असावं. जिथे गर्दी फार, तिथे चारही बाजूंची वाहनं एकदमच थांबवून माणसांना हवं त्या दिशेला जाऊ द्यावं. यावर आक्षेप काय येईल ते मला ठाऊक आहे: वाहनांच्या रांगा वाढतील. थोड्या वाढतीलही. त्यावर उपाय म्हणून सिग्नलचा एकूण फेरा छोटा करा. फेरा दोन-अडीच मिनिटांचा असला की उभा राहिलेला माणूस कंटाळून मध्येच पाऊल टाकतो आणि स्कूटरवालाही शेवटचे पाच सेकंद बाकी असतानाच ॲक्सिलरेटर पिळतो. लहान फेऱ्यात कोणालाच फार वेळ ताटकळावं लागत नाही.

झेब्रावर येऊन उभ्या राहणाऱ्या दुचाकींचा राग सगळ्यांनाच येतो, मलाही येतो. पण त्याचं एक कारण खांबाच्या जागेतही आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिग्नलचा दिवा चौकाच्या पलीकडच्या बाजूलाही दिसतो. त्यामुळे थांबरेषा ओलांडून कितीही पुढे आलं तरी दिवा समोर दिसतच राहतो, आणि पुढे सरकण्यात काही तोटा नसतो. युरोपातल्या अनेक शहरांत दिवा थांबरेषेपाशीच, अलीकडच्या बाजूला असतो. जो पुढे गेला त्याला दिवा दिसत नाही, म्हणून तो आपण होऊन मागे थांबतो. काही निवडक चौकांत हा प्रयोग करून पाहा. हवालदाराला शिट्टी वाजवत दुचाक्या मागे ढकलाव्या लागणार नाहीत. तो वेळ त्याला खऱ्या कामाला मिळेल.

वेगाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. गाडीचा वेग ताशी 30 वरून 50 किलोमीटर झाला की धडकेची ऊर्जा जवळपास पावणेतीनपट होते. हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात शिकवलेलं आहे. वाहनातल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो, पायी चालणाऱ्याभोवती काहीच नसतं. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच हे आकडे आहेत. म्हणून वस्तीतल्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि बाजारपेठांच्या रस्त्यांवर ताशी 30 ही मर्यादा असावी आणि ती नुसती पाटीवर लिहून भागणार नाही, रस्त्याच्या घडणीतच असावी.

ती घडण करायला आपल्याकडे आज एकच साधन वापरलं जातं, ते म्हणजे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसचं यावर स्पष्ट मानक आहे: रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटिमीटर, गोलसर चढ-उतार, म्हणजे ताशी 25 च्या वेगाने गाडी धक्का न बसता जाईल. त्याऐवजी गल्लोगल्ली अरुंद, खडे उंचवटे दिसतात, एकापाठोपाठ एक ठोकलेल्या रबरी पट्ट्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी पांढरा-पिवळा रंगही नसतो. असा उंचवटा वेग कमी करण्यापेक्षा मणक्याला इजा करतो. गरोदर बाईला, रुग्णवाहिकेतल्या पेशंटला, रोज आठ तास रिक्षा चालवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. दुचाकीवाले तो चुकवायला कडेच्या फटीतून, म्हणजे नेमके चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. मानकात न बसणारे सगळे उंचवटे काढावेत आणि जिथे खरोखर गरज आहे तिथे झेब्राच फूटपाथच्या उंचीला आणावा. एकाच बांधकामात गाडीचा वेगही उतरतो आणि चालणाऱ्याला खाली-वर करावं लागत नाही.

फूटपाथचं धोरण महापालिकेकडे आहे. 2016 मध्ये पादचारी धोरण मान्य करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या महापालिकांमध्ये पुण्याचं नाव आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. जंगली महाराज रस्त्यावर त्याची फळं दिसली. रुंद फूटपाथ, बसायला बाकं, झाडांना धक्का न लावता केलेली मांडणी. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात आणि दुकानदारीही बुडालेली नाही. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांना बंद करून पादचारी दिन झाला. एरवी जिथे खांद्याला खांदा घासत चालावं लागतं, तिथे लहान मुलं रस्त्याच्या मधोमध खेळली. तेव्हा चांगलं कसं करायचं हे आपल्या अभियंत्यांना शिकवायची गरज नाही. तेच काम कात्रजला, धायरीला, वारज्याला, खराडीला का पोहोचत नाही, हा माझा प्रश्न आहे. जिथे बसथांब्यापर्यंत रोज चालत जाणारी माणसं सर्वांत जास्त, तिथेच फूटपाथ सर्वांत कमी.

आहे त्या फूटपाथचंही बारकाईने पाहावं लागेल. मानक म्हणतं, निर्वेध रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात उंची गुडघ्याला येते आणि प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी फूटपाथ तुटतो, उतरतो, परत चढतो. शंभर मीटरमध्ये सहा वेळा चढ-उतार करण्यापेक्षा डांबरावरून चालणं लोकांना सोपं वाटतं, आणि मग ‘लोक फूटपाथ वापरत नाहीत’ असं म्हटलं जातं. फाटकापाशी फूटपाथ सलग ठेवावा, त्यावर गाडीने चढावं. चढण्याची ताकद इंजिनात आहे, म्हातारीच्या पायात नाही. फूटपाथवरचे विजेचे फीडर पिलर, जाहिरातींचे खांब, अर्धवट उखडलेले पेव्हर ब्लॉक यांची यादी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने केली, तरी कामाची दिशा मिळेल.

फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेल्या लोखंडी खांबांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. स्कूटरचं हँडल आणि व्हीलचेअर यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो. खांब इतके जवळ लावले की स्कूटर अडेल, तर व्हीलचेअरही अडते. लांब लावले तर दोन्ही जातात. हा प्रश्न खांबांनी सुटणार नाही. तिथे माणूसच उभा करावा लागेल, सलग काही आठवडे, रोज गर्दीच्या वेळी, सगळ्यांना दिसेल असा. झाडाआडून फोटो काढून महिन्याभराने आलेलं चलन माणूस भरतो किंवा लोकअदालतीत सवलतीची वाट पाहतो. त्याने आज फूटपाथवरून गाडी घातली, त्याचं काहीच बदलत नाही. पोलिसांकडे मनुष्यबळ कमी आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच आहे ते बळ चौकाच्या पलीकडे वाहनं पकडायला लावण्याऐवजी चूक होण्याच्या जागी उभं करावं.

पथविक्रेत्यांना मात्र फूटपाथवरच्या या कारवाईत ओढू नये. 2014 चा पथविक्रेता कायदा त्यांना जागा नेमून द्यायला सांगतो. भाजीवाल्या मावशी रात्री नऊपर्यंत बसतात म्हणून कितीतरी मुली त्या रस्त्याने निर्धास्त येतात.

आता ‘राँग साइड’. यावर दंड, गुन्हे, वाहनजप्ती सगळं होतं, आणि भरधाव उलट येणाऱ्याला कडक शिक्षा व्हायलाच हवी. पण एक पाहणी अवश्य करावी: जिथे उलट्या दिशेने येणारे सर्वाधिक आहेत, तिथून पुढचा यू-टर्न किती लांब आहे? गेल्या काही वर्षांत कोंडी सोडवायला दुभाजक बंद करून वाहनं पुढच्या यू-टर्नला पाठवायची पद्धत रूढ झाली आहे. गाडीसाठी ते एक-दोन मिनिटांचं काम. पण दुभाजकाबरोबर पायी ओलांडायची जागाही बंद होते, वर जाळी लागते. समोर दिसणाऱ्या औषधाच्या दुकानात जायला दूरचा वळसा पडतो. मग कोणीतरी जाळी वाकवतो आणि त्या भोकातून शाळेची मुलं जातात. वाहनांसाठी दुभाजक बंद करण्याचा प्रत्येक आदेश निघताना त्याच आदेशात पायी ओलांडायची जागा कुठे, हे लिहिणं बंधनकारक करावं.

बीआरटीचं काय झालं, हेही मला याच धाग्यात दिसतं. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग पुण्यात झाला. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसं हलवायची, असं स्पष्ट म्हटलं होतं. आपण योग्य वेळी योग्य दिशेला निघालो होतो. पण थांबे रस्त्याच्या मधोमध होते आणि तिथवर पोहोचायला प्रवाशाला धावत्या वाहनांतून जीव मुठीत धरून जावं लागत होतं. मार्ग सलग नव्हता, मध्येच इतर वाहनं घुसत. पुढे नगर रस्त्यावर तर त्याचा काही भाग उखडलाच गेला. बसची कल्पना चुकली नव्हती. बसपर्यंतचे वीस-पंचवीस मीटर आपण कधी नीट बांधले नाहीत. मेट्रोबाबतही तेच होईल अशी मला भीती वाटते. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो सुरू झाली, 2024 मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. गाड्या स्वच्छ, वेळेवर, सुंदर. पण स्थानकातून खाली उतरल्यावर रिक्षा, दुचाकी आणि जिन्याने खाल्लेला फूटपाथ यांतून वाट काढावी लागते. पीएमपीची जोडबस जवळ नसेल तर माणूस पुन्हा स्कूटरकडेच वळतो.

उड्डाणपुलांवर मी फार लिहीत नाही. विद्यापीठ चौकातला पूल सुमारे दीड दशकातच, 2020 मध्ये पाडावा लागला, हे सगळ्या शहराने पाहिलं आहे. पूल कोंडी उचलतो आणि उतरतो तिथे ठेवतो. सोलमध्ये चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग 2003 मध्ये पाडायला घेतला आणि 2005 मध्ये ओढा मोकळा झाला. त्या शहराची वाहतूक ठप्प झाली नाही. रस्ता वाढवला की वाहनं वाढतात, आणि चालण्याची, बसची सोय वाढवली की काही वाहनं घरी राहतात, हे आता जगभर स्वीकारलं गेलं आहे.

पार्किंगवर मात्र धाडस दाखवायची वेळ आली आहे. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. मध्य पुण्यात एवढ्या जागेचं मासिक भाडं काय होतं हे कुठल्याही दलालाला विचारा. बहुतेक रस्त्यांवर ती फुकट मिळते. 2018 मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाला, ते निवडक रस्त्यांपुरतं करायचं ठरलं आणि तिथेच राहिलं. पी-वन, पी-टू ही सम-विषम तारखांची पद्धत पेठांतल्या लोकांनी मान्य केली, पाळलीही. म्हणजे नियम समजला आणि सगळ्यांना सारखा असला की पुणेकर तो पाळतात. पैसे आकारून मिळणारं उत्पन्न त्याच रस्त्याच्या फूटपाथला आणि बसला वापरलं जाईल, हे लिहून दिलंत तर विरोधाची धार कमी होईल. निदान चौकापासूनचे पहिले वीस मीटर दोन्ही बाजूंनी पूर्ण मोकळे ठेवावेत. कोपऱ्यावर उभ्या टेम्पोमागून रस्त्यावर उतरणारं मूल चालकाला दिसतच नाही.

दंडाबद्दल एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला तेव्हा वाहनचालकांच्या वाढलेल्या दंडांची खूप चर्चा झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हेही लोकांना माहीत झालं. त्याच दुरुस्तीत कलम 198 अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल सुरक्षिततेच्या मानकांप्रमाणे न केल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम कुठल्या चौकातल्या फलकावर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. हेल्मेट न घालणाऱ्याला पावती फाडायची आणि डांबराचे थर चढवून चेंबरचं झाकण खोल खड्ड्यात गेलं, त्यात स्कूटर आपटली, तर दैवाला दोष द्यायचा, हा न्याय नाही. अपघातानंतर पंचनामा करताना रस्त्याची अवस्थाही नोंदवली जावी: झाकण, खड्डा, विझलेला दिवा, पुसलेला पट्टा, खोदकामानंतर न बुजवलेला चर. पोलिसांनी ही नोंद केली आणि महापालिकेने तिच्यावर कारवाई केली, तरच नियम दोन्ही बाजूंना लागू झाला असं नागरिक मानतील.

याच ओघात ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही पाहा. तीन वर्षांत 500 मीटरच्या पट्ट्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा यादीत येते. राष्ट्रीय महामार्गासाठी हे ठीक असेल. शहरातल्या शाळेच्या फाटकासमोर आपण पाच घरं उद्ध्वस्त होईपर्यंत थांबायचं नाही. तिथल्या शिपायाला, रिक्षाकाकांना, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर कुठे रोज थोडक्यात वाचतात हे पाच मिनिटांत कळतं. ती माहिती गोळा करा. खर्च शून्य.

माझी ठोस मागणी एकाच रस्त्यापुरती आहे. खंडोजीबाबा चौक ते कर्वे पुतळा हा कर्वे रस्ता घ्या. त्यावर महाविद्यालयं आहेत, मेट्रो आहे, बस आहे, दवाखाने आहेत, दुमजली पूल आहे आणि भरपूर ज्येष्ठ नागरिक आहेत. शहरातली प्रत्येक अडचण इथे सापडते. आपल्या दोन्ही कार्यालयांतला प्रत्येकी एक अधिकारी एक वर्षासाठी या रस्त्याला नेमून द्या आणि त्यांची नावं चौकात लावा. दर तीन महिन्यांनी त्या दोघांनी गर्दीच्या वेळी हा रस्ता दोन्ही बाजूंनी पायी चालावा, सोबत एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि एक सत्तरीपुढची व्यक्ती असावी. किती ठिकाणी डांबरावर उतरावं लागलं, कुठे ओलांडताना दिवा मध्येच बदलला, हे लिहून जाहीर करावं. ही नोंद त्या वर्षात कमी-कमी होत गेली, तर तीच पद्धत सातारा रस्त्याला, सोलापूर रस्त्याला, नगर रस्त्याला नेता येईल. वाहनांचा वेग त्या वर्षात किंचित घटला तरी मी आणि माझ्यासारखे अनेक जण जाहीरपणे आपल्या बाजूने उभे राहू. विरोध होईल तेव्हा आपल्याला अशा लोकांची गरज लागेल, हे मी जाणते.

यातली बरीच कामं निविदा, निधी, पावसाळा यांत अडकतील. सिग्नलच्या वेळा मात्र अडकू नयेत. त्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही, खांबही हलवावा लागत नाही. चालण्याचा वेग 1.2 ऐवजी 0.8 धरून वेळ पुन्हा मांडायची आणि याच कर्वे रस्त्यावरच्या नळस्टॉपला एका सकाळी ती सुरू करायची. ती तारीख आपण दोघांनी मिळून जाहीर करावी.

आपली विश्वासू,
एक रहिवासी
कोथरूड, पुणे